माशांसाठी जाळी, गाडीसाठी रस्ता आणि धरणाचा माथा



मे महिन्यात फळबागेचे खड्डे बघायला एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण बऱ्याच जणांना ते आपलंच गाव वाटेल. पाझर तलावाच्या पाळीवरून चालत निघालो तर मधोमध ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या. पलीकडच्या शिवारात जायला हा जवळचा रस्ता. चढ अवघड जातो म्हणून कुणीतरी जेसीबी लावून माथा थोडा खरवडून घेतलेला. पुढे सांडव्यावर लोखंडी खांब रोवून बारीक जाळी ताणलेली. तलावात मत्स्यबीज सोडलंय, पावसात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. विमोचकाच्या विहिरीत डोकावलो तर झडप उचलायचा दांडाच गायब!

ही तिन्ही दुखणी एकत्र बघून मला अमेरिकेतलं एक धरण आठवलं. हसू नका. त्या धरणाला हीच तीन दुखणी होती, आणि ३१ मे १८८९ रोजी ते फुटलं तेव्हा २,२०९ माणसं गेली.

श्रीमंतांचा तलाव

पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाच्या गावाजवळ हे मातीचं धरण होतं. उंची ७२ फूट, लांबी सुमारे ९३० फूट. उन्हाळ्यात कालव्यातल्या बोटींना पाणी पुरावं म्हणून सरकारने ते बांधलं, १८५३ मध्ये पुरं झालं. तोवर रेल्वे आली आणि कालव्याचं काम संपलं. निकामी झालेल्या वस्तूकडे कोण बघतो? धरण एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. १८६२ मध्ये त्याचा मधला भाग फुटलाही, पण तलावात पाणी कमी होतं म्हणून फारसं नुकसान झालं नाही. मग एका मधल्या मालकाने तळातले बिडाचे पाच मोठे पाईप काढून भंगारात विकले. तलाव रिता करायचा रस्ता हे पाईपच होते.

१८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांनी तिथे मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. पोलादवाला अँड्र्यू कार्नेगी, कोळसा-कोकवाला हेन्री फ्रिक असे बडे लोक त्याचे सभासद. सुट्टीत यावं, होडीत बसावं, गळ टाकावा. धरणाची डागडुजी केली ती माती, झुडपं, गवत, शेणखत असं हाताला येईल ते भरून. पाईप परत बसवलेच नाहीत. घोडागाड्या माथ्यावरून नीट जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली घेतला. आणि विकत आणून सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या.

यातलं एकेक काम घ्या. कुणाला त्यात वाईट हेतू दिसतो का? रस्ता हवा होता, रस्ता केला. मासे राखायचे होते, जाळी लावली. पण मातीच्या धरणाचा माथा म्हणजे रस्ता नव्हे. सांडवा आणि माथा यांच्या उंचीत जे अंतर ठेवलेलं असतं, तेच धरणाचं आयुष्य. माथा दोन फूट उतरवला म्हणजे तेवढं आयुष्य काढून घेतलं. त्यात जाळीला पालापाचोळा, ओंडके अडकले की सांडवा निम्मा बंद. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही काळ तग धरते. मातीचा भराव धरत नाही. पाणी माथ्यावरून गेलं की मागचा उतार खालून वर कातरत येतो आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही.

धरणाच्या खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव. तिथल्या कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला इंजिनिअर पाहणीला पाठवला. त्याने दोन गोष्टी लेखी दिल्या : पाणी सोडायला पाईप नाहीत आणि डागडुजी कच्ची आहे. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायचीही तयारी दाखवली. क्लबकडून उत्तर आलं, तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही. विषय तिथेच मिटला.

३० मेच्या रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी तलाव भराभर चढू लागला. क्लबच्या माणसांनी मजूर लावून माथ्यावर माती टाकली, एका टोकाला दुसरा सांडवा खणायला घेतला. खाली खडक लागला. जाळ्या कचऱ्याने तुंबलेल्या. माथा मधोमध बसलेला होता, तिथूनच पाणी वरून पडायला लागलं. खालच्या गावांना तारेने निरोप गेले, पण लोकांनी मनावर घेतलं नाही. दर पावसाळ्यात "धरण फुटतंय" अशी आवई उठायची, लांडगा आला रे आला! दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं आणि चारनंतर काही मिनिटांतच पाण्याचा लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. ९९ कुटुंबं पूर्ण नाहीशी झाली. क्लबकडून कोर्टामार्फत कोणालाही भरपाई मिळाली नाही.

त्या वेळच्या इंजिनिअरांच्या समितीने म्हटलं होतं की माथा उतरवला नसता तरी धरण फुटलंच असतं. पण २०१६ मध्ये तिथल्याच भूशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा माथा उतरवणं हेच भोवलं असं निघालं.

आपल्या पाळीवर चला

आपल्याकडेही हे नवीन नाही. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेही मातीचंच. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळती होते अशी ओरड गावकऱ्यांनी आधीपासून केलेली होती. नंतर खेकड्यांवर खापर फोडल्याचं तुम्हाला आठवत असेल.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणं लांबी, साठा अशा ठरावीक अटींत बसली तरच त्यात येतात. आपले गावतळे, पाझर तलाव बहुतेक त्याखालीच राहतात. म्हणजे तुमच्या तलावाकडे दरसाल बघणारं कुणी असेल तर ते तुम्हीच.

मी इंजिनिअर नाही, कृषी पदविकावाला माणूस आहे. पण इतकं सांगू शकतो. पाऊस लागायच्या आत दोघा-तिघांनी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. सुतळी किंवा पाणनळी लावून माथा कुठे बसलाय ते बघा. मधला भाग टोकांपेक्षा खाली असता कामा नये. ट्रॅक्टर बंद करा, दोन्ही टोकांना दगड रोवा. घुशींची बिळं, भेगा, सरकलेलं पिचिंग टिपून ठेवा. वाळलेल्या बाभळीचं मूळ कुजलं की आत पाण्याला नळी तयार होते. तरी मोठं झाड मुळासकट स्वतः उपटू नका, त्याने आणखी मोठं भगदाड पडतं.

तलाव भरला की पायथ्याला थोडा पाझर येतोच. तो बाटलीत धरा. निवळशंख असेल तर घाबरू नका, नजर ठेवा. गढूळ असेल तर धरणाची माती वाहते आहे. अशा वेळी लोक मागून चिकण माती थापून भोक बुजवतात, ते चूक आहे. पाणी कोंडून दुसरीकडून फुटतं. त्यावर वाळू आणि वरून खडी टाकायची, म्हणजे पाणी निघतं आणि माती थांबते. विमोचक उघडून साठा कमी करायचा, पण दांडाच नसेल तर काय उघडणार? गढूळ पाणी वाढत असेल तर आधी खालची वस्ती हलवा, मग फोन करत बसा. पोलीस पाटलांनी कोणाला कुठे न्यायचं ते आजच ठरवून ठेवावं.

अर्ज जिल्हा परिषदेकडे द्यायचा की राज्याच्या जलसंधारण विभागाकडे, हे तलाव कोणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं. ग्रामपंचायतीत नोंद बघा, ग्रामसभेचा ठराव जोडा, फोटो लावा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता त्या जाळीचं. मत्स्य संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, "साहेब, जाळी काढतो, पण मासे गेले तर कर्जाचा हप्ता कोण भरणार?" प्रश्न खोटा नाही. बीज उधारीवर आणलंय, वर्षाची कमाई त्यात आहे. मी सुचवलं, सांडव्याचं तोंड मोकळं सोडा, जाळी तलावात बरीच आत, अर्धगोल लावा, आणि मोठा पाऊस लागला की ती खाली सोडून देता येईल अशी बांधा. थोडे मासे जातील. गावाने ती तूट कशी वाटून घ्यायची हे गावाने ठरवायचं. तलावाखाली चाळीस घरं आहेत, त्यांनीही बोलायला पाहिजे. हे लिहीपर्यंत जाळी जागच्या जागी आहे. सोमवारी ग्रामसभा आहे, मी जाणार आहे.