एका तारेत मावेल एवढं आकाश

संध्याकाळचे आठ. आजींना त्यांची मालिका हवी, बाबांना बातम्या, ताईला क्रिकेट. आई अजून लोकलमध्ये आहे, तिचा गाण्यांचा कार्यक्रम कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवायला हवा. आणि गंमत बघा, हे चारही कार्यक्रम या क्षणी तुमच्या गच्चीवर येऊन पोचलेले आहेत! विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून निघालेल्या लहरी सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शात तुमच्या दोन फुटी डिशवर आदळतात. उपग्रहातला एकेक ट्रान्सपाँडर, म्हणजे लहरी खाली पाठवणारं यंत्र, चालतो तो शंभर-दीडशे वॅटच्या आसपास. तेवढ्या शक्तीत तो देशभरातल्या गच्च्या गाठतो.

मग सगळंच डिशवर पडत असेल, तर सगळंच रेकॉर्ड का होत नाही? दुकानात गेल्यावर आपण विचारतो, "हार्ड डिस्क केवढी आहे?" पण अडतं ते डिस्कवर क्वचितच. अडतं डिश आणि टीव्हीजवळचा सेट-टॉप डबा यांच्यामधल्या त्या काळ्या किंवा पांढऱ्या तारेत.

डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला छोटा डबा तुम्ही पाहिला असेल. त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाच्या लहरी सेकंदाला १,००० कोटींहून जास्त वेळा थरथरतात, १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ. एवढी वेगवान लहर साध्या केबलमधून खाली पाठवली, तर ती वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिच्या थरथरण्याचा वेग उतरवतो, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत. इथेच गणित अडतं. वरून आलेला पट्टा २,०५० मेगाहर्ट्झ रुंद आणि तारेतली जागा १,२०० मेगाहर्ट्झची! शिवाय उपग्रहाने आणखी एक करामत केलेली असते. एकाच वारंवारतेवर तो दोन वेगळ्या लहरी पाठवतो, एक उभी थरथरणारी आणि एक आडवी, आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

म्हणजे आकाशाचे चार वाटे झाले. उभा खालचा, उभा वरचा, आडवा खालचा, आडवा वरचा. तारेत एका वेळी मावतो त्यातला एकच.

कुठला वाटा हवा, हे एलएनबीला कळतं कसं? घरातला डबा त्याच तारेतून वर वीज पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरी, १८ पाठवले तर आडव्या. त्या विजेवर २२ किलोहर्ट्झची बारीक गुणगुण चढवली की वरचा पट्टा, ती नसेल तर खालचा. वीज वर, हुकूम वर आणि चित्र खाली, तेही एकाच तारेतून, एकाच वेळी! तुम्ही चॅनल बदलता तेव्हा गच्चीवर हे सगळं घडून गेलेलं असतं. (हे आकडे युरोपात रुळलेल्या ‘युनिव्हर्सल’ एलएनबीचे. आपल्याकडे उपग्रहागणिक तपशील बदलतो, पण तत्त्व हेच.)

आता कळेल की एका तारेला साधा स्प्लिटर लावून दोन डबे जोडले की भांडण का लागतं. एक डबा १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८. जास्त व्होल्टवाला जिंकतो, आणि दुसऱ्या खोलीत ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकते. ब्रिटनमध्ये २००१ साली ‘स्काय प्लस’ हा रेकॉर्डर आला तेव्हा एक कार्यक्रम बघत दुसरा रेकॉर्ड करता यावा म्हणून त्याला दोन ट्यूनर दिले होते, आणि डिशपासून दोन तारा. आपल्याकडे ‘टाटा स्काय प्लस’ २००८ साली आला, तोही दोन ट्यूनर घेऊन.

तारेतून आलेल्या गर्दीतून ट्यूनर एक ट्रान्सपाँडर निवडतो. जुन्या, सर्रास वापरल्या गेलेल्या पद्धतीत एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती येते, आणि त्यात अनेक वाहिन्या गुंफलेल्या असतात. सगळी माहिती १८८ बाइटच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. आजींच्या मालिकेचे क्रमांक उचलायचे, बाकीचे सोडून द्यायचे. रेकॉर्डिंग म्हणजे एवढंच! चित्र पुन्हा घडवणं नाही, दाबणं नाही. उचललेले तुकडे जसेच्या तसे डिस्कवर. म्हणून रेकॉर्ड केलेलं चित्र थेट प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या मुंग्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे नवल जास्त जाणवेल.

यातून एक चमत्कारिक शक्यता निघते. हव्या असलेल्या दोन वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील, तर एकच ट्यूनर दोन्ही रेकॉर्ड करू शकतो. ‘टीव्हीहेडएंड’सारखं हौशी मंडळींचं सॉफ्टवेअर खुल्या वाहिन्यांसाठी तसं करतंही. पण खरेदी करताना या योगावर विसंबू नये. वाहिन्यांच्या जागा कंपन्या बदलत असतात.

डिस्कचं काय? एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट धरली, तर होतो १ मेगाबाइट, म्हणजे तासाला ३.६ गिगाबाइट. ५०० गिगाबाइटमध्ये १३५ तासांहून जास्त. साधी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या घरात लिहू शकते, तेव्हा चार कार्यक्रम एकदम लिहिणं तिला काहीच जड नाही. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता येईल हे डिस्क ठरवते. एका वेळी किती कार्यक्रम टिपता येतील, हे ट्यूनर ठरवतात.

मग ट्यूनर किती घ्यावेत? माणसं मोजून नव्हे आणि टीव्ही मोजूनही नव्हे. एखाद्या स्टेशनला किती फलाट लागतात, तसा हा हिशेब आहे. दिवसाला दोनशे गाड्या येवोत, एका क्षणी जास्तीत जास्त पाचच गाड्या उभ्या असतील तर पाच फलाट पुरतात. खरंच पुरतात? वेळापत्रक कितीही गुंतागुंतीचं असलं तरी? हो, आणि सिद्धता दोन ओळींची आहे. येणारी गाडी कुठल्याही मोकळ्या फलाटावर घ्या. पाचही भरलेले असताना गाडी आली, तर त्या क्षणी सहा गाड्या झाल्या, आणि तसं होत नाही हे आपण आधीच धरलंय. संपलं!

तेव्हा कागदावर आठवड्याचे कार्यक्रम आडव्या रेघांनी काढा आणि सर्वांत दाट जागा शोधा. थेट बघणंही मोजायचं, कारण त्यालाही ट्यूनर लागतो. आणि एका छुप्या चोराकडे लक्ष ठेवा. कार्यक्रम उशिरा संपतात म्हणून रेकॉर्डर पाच मिनिटं आधी सुरू आणि पाच मिनिटं उशिरा बंद करायची सोय असते. ८ ते ८:३० आणि ८:३० ते ९ या दोन वाहिन्यांवरच्या मालिका कागदावर एकमेकींना शिवतही नाहीत, पण या सोयीमुळे ८:२५ ते ८:३५ दोन ट्यूनर अडकतात. ‘एकाच वेळी नव्हतंच, तरी रेकॉर्ड का झालं नाही?’ या घरोघरच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा या दहा मिनिटांत असतं.

वेळापत्रक आधी ठाऊक नसेल तर? हा प्रश्न टीव्हीपेक्षा जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. एवढे फोनवाले, तर एक्स्चेंजला तारा किती? आपण घरापुरतं करून पाहू. माणसं चार, आणि कुठल्याही क्षणी प्रत्येकाला काहीतरी हवं असण्याची शक्यता निम्मी. दोन ट्यूनर असतील तर १६ पैकी ५ वेळा कुणीतरी रुसणार. तीन घेतले तर १६ पैकी एकदाच! तिसरा ट्यूनर केवढं काम करून जातो, बघा.

याहून मजेशीर गोष्ट सहा माणसांच्या घरात दिसते. चार ट्यूनरचा एक डबा सगळ्यांत मिळून घेतला, तर ६४ पैकी ७ वेळा अडचण. तेच चार ट्यूनर दोन डब्यांत दोन-दोन वाटले, आणि प्रत्येक डब्याला तीन माणसं, तर ६४ पैकी १५ वेळा! ट्यूनर तेवढेच, माणसं तेवढीच, भांडणं दुपटीहून जास्त. कारण एका खोलीत ओढाताण चालू असताना दुसऱ्या खोलीतला ट्यूनर रिकामा बसलेला असतो. माझं मत म्हणून सामाईक डब्याच्या बाजूने. फक्त एक ध्यानात ठेवा. रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच डब्याशी बांधलेली असते. डबा गेला की आजींच्या साठवलेल्या मालिकाही गेल्या.

अर्थात आठ वाजता सगळ्यांना एकदमच सगळं हवं असतं, ते काही नाणेफेक करून ठरत नाही. पण दोघांना एकच मालिका हवी असेल तर एकच ट्यूनर लागतो. आणि बऱ्याच मराठी मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतात. ते रेकॉर्डिंग दुपारवर ढकललं की एक ट्यूनर फुकटात मिळाला. ब्रिटनमध्ये तर तोच कार्यक्रम तासाभराने दाखवणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिन्याच आहेत.

पण तारेचं काय झालं? बारा ट्यूनरला बारा तारा? अभियंत्यांनी हुकमाची भाषाच बदलली. ‘युनिकेबल’ या पद्धतीत एलएनबी प्रत्येक ट्यूनरला हवा तेवढाच तुकडा कापून त्याला नेमून दिलेल्या जागी ठेवतो. २००७च्या मानकात एका तारेवर ८ ट्यूनर बसले, पुढच्या मानकात ३२. ‘स्काय क्यू’ने २०१६ साली दुसरीच वाट धरली. तारेतली जागाच रुंद केली, २९० ते २३४० मेगाहर्ट्झ. जुना २,०५०चा पट्टा त्यात बरोब्बर मावला! एका तारेत सगळ्या उभ्या लहरी, दुसरीत सगळ्या आडव्या. दोन तारांत अख्खं आकाश घरात, आणि मोठ्या डब्यात १२ ट्यूनर.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या डिश नेटवर्कने ‘हॉपर ३’ आणला. ट्यूनर १६, डिस्क २ टेराबाइट. सोळाही ट्यूनर एचडी रेकॉर्डिंगला लावले, तर आपल्या हिशेबाने तासाला ५७.६ गिगाबाइट, म्हणजे दीड दिवसाच्या आतच डिस्क भरली. त्यात साठलेले साडेपाचशे तास संपवायला एका माणसाला न झोपता २३ दिवस बसावं लागेल.