सुपरमोटो मोटारसायकलचे रुंद मागील चाक

सुपरमोटो मोटारसायकलला मूळ मापापेक्षा अधिक रुंद मागील रिम व टायर बसवणे हा त्या प्रकारच्या वाहनांत केला जाणारा एक प्रचलित यांत्रिक बदल आहे. डांबरी रस्त्यावर पकड वाढावी आणि स्पोर्ट्स मोटारसायकलसाठी बनलेले टायर वापरता यावेत, हा त्यामागील मुख्य हेतू असतो. मात्र रुंदी बदलताच चेनची रेषा, स्विंगआर्ममधील मोकळी जागा, टायरचा आकार व वळणातील वर्तन या सर्वांवर परिणाम होतो. त्यामुळे हा बदल केवळ टायरपुरता मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी

सुपरमोटो हा मोटोक्रॉस, फ्लॅट ट्रॅक आणि डांबरी धावपट्टीवरील शर्यत यांचा संगम असलेला क्रीडाप्रकार आहे. त्याचा उगम १९७९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कार्ल्सबॅड येथे दूरचित्रवाणीसाठी भरवलेल्या 'सुपरबाइकर्स' या स्पर्धेत मानला जातो. पुढे हा प्रकार युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, लोकप्रिय झाला. मातीवर चालणाऱ्या मोटारसायकलला सहसा पुढे २१ इंची आणि मागे १८ किंवा १९ इंची अरुंद चाक असते. सुपरमोटोसाठी रस्त्यावरील वापरात दोन्ही चाके १७ इंची केली जातात. पुढील रिम बहुधा ३.५ इंच रुंद असते, तर मागील रिम ४.२५ ते ५.५ इंचांपर्यंत आढळते.

रिम आणि टायर यांचे नाते

टायरवरील '१६०/६०-१७' या खुणेतील पहिली संख्या रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवते. दुसरी संख्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगते, तर तिसरी रिमचा व्यास इंचांत देते. प्रत्येक मापाच्या टायरसाठी रिमच्या रुंदीची मर्यादा उत्पादकाने ठरवलेली असते. सर्वसाधारणपणे १५० मापाचा टायर ४.२५ इंची, १६० मापाचा ४.५ ते ५ इंची आणि १८० मापाचा ५.५ इंची रिमवर योग्य बसतो.

अरुंद रिमवर अतिरुंद टायर चढवल्यास त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. अशा वेळी सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि टायरच्या बाहेरील कडा वळणातही वापरात येत नाहीत. दिसायला मोठा असलेला टायर त्यामुळे प्रत्यक्षात कमी उपयोगी ठरू शकतो.

जागा आणि चेनची रेषा

मातीवरील मोटारसायकलचा स्विंगआर्म अरुंद टायर गृहीत धरून बनवलेला असतो. रुंद टायर बसवल्यावर त्याची डावी किंवा उजवी कड चेन, चेनचा मार्गदर्शक किंवा स्विंगआर्मला घासण्याचा धोका असतो. वेगात टायर किंचित फुगतो आणि नवी चेन बसवल्यावर चाक पुढे सरकते. म्हणून उभ्या स्थितीत दिसणारी थोडीशी फट पुरेशी मानली जात नाही. टायरला चेन घासत राहिल्यास टायर कापला जाऊन वेगात अपघात होऊ शकतो.

जागा मिळवण्यासाठी चाक एका बाजूला सरकवले, तर पुढील व मागील चाके एका रेषेत राहत नाहीत आणि वाहन एका बाजूला ओढले जाते. त्यामुळे चाक मध्यरेषेवर ठेवून पुढील व मागील दोन्ही स्प्रॉकेट समान अंतराने बाहेर घेणे हा योग्य मार्ग आहे. एकच स्प्रॉकेट सरकवल्यास चेन तिरकी चालते व लवकर झिजते. स्पोक असलेल्या चाकात रिम हबच्या मध्यापासून किती सरकलेली असावी, हे स्पोकच्या ताणाने साधले जाते.

व्यास व गिअर गुणोत्तर

सुझुकीच्या दोन नमुन्यांवरून हा मुद्दा स्पष्ट होतो. डीआर-झेड ४०० एस या मोटारसायकलच्या मागील १२०/९०-१८ टायरचा गणिती व्यास सुमारे ६७३ मिलिमीटर येतो. डीआर-झेड ४०० एसएम या सुपरमोटो नमुन्यातील १४०/७०-१७ टायरचा व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ७ टक्के कमी आहे. त्यानुसार मागील स्प्रॉकेटचे दातही ४४ वरून ४१ करण्यात आले; पुढील स्प्रॉकेट १५ दातांचेच राहिले. एसएमच्या ४.५ इंची रिमवर १६०/६० टायर बसवल्यास व्यास सुमारे ६२४ मिलिमीटर होतो, म्हणजे गुणोत्तर जवळपास तेच राहते. १५०/६० टायरचा व्यास मात्र सुमारे ६१२ मिलिमीटर भरतो.

वेगमापक पुढील चाकावरून चालत असेल, तर तोही नव्याने जुळवावा लागतो. ८०/१००-२१ ऐवजी १२०/७०-१७ टायर बसवल्यावर, न जुळवलेला वेगमापक ताशी ६० किलोमीटर वेग सुमारे ६९ असा दाखवतो.

वळणातील वर्तन

रुंद टायरमुळे पकड आपोआप त्याच प्रमाणात वाढते, हा समज अपुरा आहे. भार व हवेचा दाब समान असल्यास रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो त्याचा आकार. पकड टायरच्या रबराच्या मिश्रणावर आणि तापमानावरही अवलंबून असते. हलक्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलवर फार रुंद टायर पुरेसा तापतही नाही.

मोटारसायकल झुकते तेव्हा टायरचा टेकणारा भाग मध्यरेषेपासून आतल्या बाजूला सरकतो. टायर जितका रुंद, तितके हे सरकणे जास्त. परिणामी त्याच वेगाने तेच वळण घेण्यासाठी मोटारसायकल अधिक झुकवावी लागते. शिवाय जड चाकामुळे दिशा बदलणे संथ होते आणि सस्पेन्शनलाही अधिक काम पडते. चपळता हेच सुपरमोटोचे बलस्थान असल्याने ही हानी महत्त्वाची ठरते.

इतर बाबी

मातीवरील मोटारसायकलच्या मागील हबमध्ये बहुधा धक्के शोषणारे रबर नसते. मातीत चाक थोडे घसरून धक्का कमी होतो. डांबरावर पकड घट्ट असल्याने तो थेट चेन व गिअरबॉक्सवर येतो. म्हणून रस्त्यावरील नियमित वापरासाठी रबरयुक्त हब उपयुक्त ठरतो. अनेक स्पोक असलेल्या रिममध्ये ट्यूब आवश्यक असते. टायरचा भारांक व वेगश्रेणी मूळ टायरपेक्षा कमी नसावी.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावरील वाहनात रिमचे माप बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घेणे आवश्यक ठरते.