कासाडीकांठचे बिनतारी पहारेकरी

पनवेल तालुक्यांतील रोडपालीच्या बाजूनें कासाडी नदी खाडीस जाते. वरच्या अंगास तळोजें येथील कारखान्यांची वसाहत आहे. २०१७ च्या ऑगस्टांत त्या वसाहतींत निळ्या रंगाचीं कुत्रीं फिरतांना दिसलीं, ही वार्ता वाचकांस स्मरत असेलच. तत्पूर्वीं २०१४ सालींच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांस सांडपाणी व धूर अखंड मोजणारीं यंत्रें बसविण्याविषयीं आज्ञा काढली होती.

अशा जातीचीं लहान यंत्रें आतां शेतांतही येऊं लागलीं आहेत. नाशिककडील द्राक्षमळ्यांत मुंबईच्या आय.आय.टी.नें या शतकाच्या पहिल्या दशकांतच त्यांचा प्रयोग केला. एका डबींत संवेदक, बॅटरी व छोटा रेडिओ. एक डबी आपलें मोजमाप शेजारचीस सांगते, ती पुढचीस, असें करीत तें मुख्य ठाण्यास पोंचतें. सोय मोठी खरी. पण हे पहारेकरी उघड्या रानांत, एकटे व अत्यंत अल्प शक्तीचे.

निरोप सांकेतिक लिपींत पाठविले तरी तिची किल्ली डबींतच असते. सर्व डब्यांस एकच किल्ली असेल, तर एक डबी चोरणारा साऱ्या शेताचा धनी झाला! कालचा निरोप पकडून आज पुन्हा सोडणें तर किल्लीवांचूनही साधतें; म्हणून प्रत्येक निरोपावर अनुक्रमांक हवा. एखादी लबाड डबी ‘माझी वाट सर्वांत जवळची’ असें सांगून इतरांचे निरोप गिळते. विनाकारण हाका मारून तिला जागें ठेविलें, तर महिनोगणती पुरणारी बॅटरी थोड्याच दिवसांत संपते.

आमच्या मतें मोठा धोका याहून साधा आहे. संवेदकाची कांडी नदींतून काढून स्वच्छ पाण्याच्या बादलींत बुडविली, कीं किल्ली शाबूत, अनुक्रमांक शाबूत, आणि आंकडा खोटा. येथें सांकेतिक लिपीचा इलाज चालत नाहीं. दुसरी साक्ष हवी. खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें, व भरतीची वेळ रोज सुमारें दोन घटका पुढें सरकते. खाडीलगतच्या कांडीचा क्षाराचा आंकडा या चालीनें हालत नसेल, तर कांडी पाण्यांत नाहीं किंवा बिघडली आहे, हें खारजमिनीचा कोणीही शेतकरी सांगेल. पावसाळ्यांत गोड्या पाण्याचा लोट असतां मात्र हा ताळा तितकासा लागू पडत नाहीं.

यंत्र घेतांना विक्रेत्यास विचारावें: प्रत्येक डबीची किल्ली निराळी आहे काय? डबी गप्प झाल्यास ठाणें किती वेळांत इशारा देतें? नीट उत्तर न मिळाल्यास सौदा लांबणीवर टाकावा. आणि पंधरवड्यांतून एकदां, कोणास न कळवितां, बाटलींत पाणी भरून तें तपासून घ्यावें.