वेताळाची गुहा आणि झरीची सभा
चौकटीतले वीर : भाग आठवा

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत डहाणू रोड मागे पडलं की घोलवड येतं आणि महाराष्ट्र संपतो. पुढचं स्टेशन उंबरगाव रोड. १९६० पर्यंत उंबरगाव तालुकाही ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला आणि जी गावं इकडे उरली त्यांचा पुढे तलासरी तालुका झाला. हद्दीपलीकडच्या त्या उंबरगावात, वृंदावन स्टुडिओत, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अयोध्या उभी राहिली, पाठोपाठ लंकाही. रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका तिथं चित्रित झाली. २५ जानेवारी १९८७ पासून पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत रविवारी सकाळी देशातले रस्ते ओस पाडणाऱ्या त्या ७८ भागांची अयोध्या डहाणूकरांच्या शेजारी होती.

सुपरहिरोंच्या लेखमालेत रामायण कशाला, असं कुणी विचारील. राम सुपरहिरो आहे की नाही या वादात मी शिरत नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे आणि इथं त्याचं कामही नाही. आपला विषय आहे कागदावरचा वीर पडद्यावर कसा जातो, हा. त्याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण उंबरगावात घडलं, आणि त्याच्या नेमकं उलटं उदाहरण हद्दीच्या अलीकडे, तलासरीत, अजून घडायचं राहिलं आहे.

आधी कागद. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांचा १९३६ सालचा ‘फँटम’ तिच्यातून मराठी घरांत आला तो वेताळ म्हणून. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, कवटीच्या आकाराची गुहा. मूळ कथेतला देश बंगालची आठवण करून देणारा होता, म्हणून इंद्रजालनं त्याचं नाव बदलून ‘डेंकाली’ केलं. नाव बदललं तरी मांडणी तीच राहिली. जंगल आहे, जंगलात बांदर नावाची बुटक्या आदिवासींची जमात आहे आणि त्यांचं रक्षण करायला बाहेरून आलेल्या एका गोऱ्या घराण्याचा एकविसावा वंशज आहे. आदिवासी ढोल वाजवतात, निरोप पोचवतात, त्याच्या दंतकथा एकमेकांना सांगतात. संकट आलं की वाट मात्र त्याची पाहतात.

इंद्रजालच्या उभारणीत काम केलेले अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ काढली. त्यामागचा प्रसंग प्रसिद्ध आहे. दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. पैंनी मग वेताळाच्या पुस्तकाचा साचा घेतला, म्हणजे बत्तीस पानं, रंगीत चौकटी, वरती निवेदनाची पट्टी, तोंडाजवळ बोलण्याचा फुगा, आणि त्यात आपल्या कथा भरल्या. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’, राम वाईरकरांनी काढलेला. रेषा अमेरिकन चित्रकथेची आणि चेहरे आपल्या कॅलेंडरवरचे. हे कॅलेंडरवरचे चेहरे रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांनी घरोघर पोचवलेले होतेच. मुळगावकरांचाच हात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरही चाले, त्यामुळे देवाचं तेज आणि अर्नाळकरांच्या काळापहाड या नायकाचा दरारा एकाच कुंचल्यातून उतरत होता. आपल्याकडे देव आणि वीर यांच्या चित्रांमध्ये भिंत कधी नव्हतीच.

आता पडदा. चित्रकथेत काळ कसा सरतो हे आपण तिसऱ्या भागात पाहिलं. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते तिथं वाचक स्वतः घटना पुरी करतो. धनुष्य ताणलेलं पहिल्या चौकटीत, राक्षस पडलेला दुसऱ्या. बाण सुटला तो वाचकाच्या डोक्यात. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ सालच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये याच पट्टीला या कलेचा प्राण मानलं आहे. सिनेमाला ही पट्टी नसते. त्याला बाण दाखवावा लागतो.

उंबरगावच्या युद्धकांडात हा बाण कसा दाखवला आहे तो पुन्हा नीट बघा. रामाचा चेहरा, ओठ मंत्र पुटपुटतात. बाण निघतो. रावणाचा चेहरा, तो हसतो. त्याचाही बाण निघतो. आकाशात दोन बाण समोरासमोर येतात, ठिणग्या उडतात, एक नाहीसा होतो. पुन्हा रामाचा चेहरा. हा चित्रकथेच्या पानाचाच क्रम आहे, एकेक चौकट सुटी करून पडद्यावर लावलेली, आणि मधली पट्टी संगीतानं भरून काढलेली. पात्रं बहुतेक वेळा आपल्याकडे तोंड करून उभी, मागे रंगवलेला महाल, डोक्यामागे तेज. त्या काळी इंग्रजी वर्तमानपत्रांतून या संथपणाची टिंगल झाली. मला ती टिंगल चुकलेली वाटते. प्रेक्षक पान उलटायच्या वेगानं बघत होता, कारण ते पान त्याच्या ओळखीचं होतं. ज्या कौसल्येचं नाव मुलांना सांगता आलं नव्हतं तिला आपल्या जयश्री गडकरांचा चेहरा मिळाला, दशरथ झाले त्यांचे पती बाळ धुरी, भरत संजय जोग. मराठी घरांत ही मालिका आपली वाटली त्यात या तिघांचा वाटा मोठा.

आणि हनुमान. दारासिंग तेव्हा साठीच्या घरात होते. उडणं, डोंगर उचलणं, देह लहानमोठा करणं, म्हणजे सुपरहिरोची सगळी सामग्री या एका पात्रात, आणि त्यासाठी सागरांनी कुस्तीचा आखाडा गाजवलेला माणूस घेतला. वय दिसत होतं, पोट दिसत होतं, तरी कुणाचा विश्वास ढळला नाही. हॉलिवूडनं १९९६ साली वेताळावर सिनेमा काढला, बिली झेन यांना घेऊन. पिळदार शरीर, नेमका जांभळा पोशाख, कवटीची गुहा, सगळं जागच्या जागी होतं. तो सिनेमा तिकीटबारीवर पडला. पोशाख कागदावरून जसाच्या तसा उचलता येतो, पण त्यामागची ओळख प्रेक्षकानं आधीच आणलेली असावी लागते.

ही झाली हद्दीपलीकडची गोष्ट. मालिका चालू होती तेव्हा डहाणू-तलासरीतल्या कितीतरी पाड्यांवर वीजच नव्हती. पण चित्रातून गोष्ट सांगणं तिथं टीव्हीच्या कितीतरी आधीपासून होतं. ते कुडाच्या भिंतीवर होतं.

वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या. हा देवीचा राखणदार, बिनडोक्याचा, मानेतून धान्याची पाच कणसं उगवलेली, बऱ्याचदा घोड्यावर. सुपरहिरोच शोधायचा तर या मुलखातला हा सगळ्यात अचाट. मात्र त्याला चेहरा नाही, म्हणून मुखवटाही नाही. चौकाबाहेर पसरलेल्या माणसांनाही चेहरे नाहीत. वर्तुळाचं डोकं, दोन त्रिकोणांचं अंग, काडीचे हातपाय. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारे सारख्याच मापाचे. कुणी जवळ नाही, कुणी लांब नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मोठ्या चित्रात शेकडो माणसं एकाच वेळी शेकडो कामं करत असतात. लोककथेच्या चित्रात तर एकच माणूस त्याच पानावर इथं निघताना, तिथं पोचताना, पलीकडे परतताना दिसतो. चौकट नाही, पट्टी नाही. काळ डोळ्याच्या फिरण्यावर सोपवलेला.

सुपरहिरो या पद्धतीत बसत नाही. त्याला क्लोजअप लागतो, बाकीच्यांपेक्षा मोठं व्हावं लागतं, आणि बाकीच्यांनी मागं सरून तोंड वर करून बघावं लागतं.

त्यात या मुलखाचा इतिहासही त्याच्या भिंतीसारखाच. ज्या लग्नासाठी चौक लिहायचा त्याच लग्नासाठी वारली सावकाराकडून कर्ज काढायचा, आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला जायची. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, माणूस संपत असे. वर जमीनदाराची वेठ वेगळी. २३ मे १९४५ ला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात सभा भरली. हजारो वारली आले. यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मजुरी बारा आण्यांच्या खाली घ्यायची नाही, असं ठरलं. आणि माणसं खरोखरच कामं सोडून घरी गेली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर संकटात आहेत अशी खोटी आवई उठवून जमवलेल्या जमावावर तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, जेठ्या गांगड त्यांतले एक.

यावर मोठ्या खर्चाचा सिनेमा काढायचा तर पटकथाकार काय करील, ते मला आत्ताच दिसतं. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरी परुळेकर रानात येतात. घाबरलेले, दबलेले आदिवासी. एक स्त्री, हातात लाल बावटा, मागे ढग. वारा. क्लोजअप. त्यांचे पती शामराव परुळेकरांना दोन प्रसंग. वारली ढोल वाजवतील, निरोप पोचवतील, तिची दंतकथा सांगतील. म्हणजे वेताळच, फक्त मुखवटा काढून लुगडं नेसवलेला. आणि हे अगदी भक्तिभावानं केलं जाईल, शंकाच नको.

बाईंनी स्वतः मात्र तसं लिहिलेलं नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक १९७० सालचं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात जागं होण्याचं काम वारली करतात. बाई बोलतात, पायपीट करतात, चुकतात, शिकतात, पण बंड त्यांचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या मते हे पुस्तक चित्रकथेत आणायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. ते वेताळाच्या चौकटीत न बसवता वारल्यांच्या भिंतीवर मांडायचं. झरीची सभा वरून दिसेल, सगळी माणसं एका मापाची, गोदावरीबाईही त्यांतलीच एक, फार तर लुगड्याच्या रेषेवरून ओळखू येणारी.

हे स्वप्नरंजन नाही. २०११ साली ‘भीमायन’ निघालं. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलं. पात्रांना डब्यांत कोंडायला त्यांनी नकार दिला आणि पानं आपल्या दिगण्याच्या नक्षीनं मोकळी विभागली. बोलण्याचे फुगेसुद्धा बदलले. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात, जातीचं विष ओकणारं बोलणं विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. अमेरिकन साचा घेऊन त्यात आपली कथा भरणं पैंनी केलं. व्याम दांपत्यानं साचाच मोडला.

पडद्यावरही हे जमतं. २०२३ सालच्या ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये प्रत्येक विश्वाची रेषा आणि रंग वेगळे आहेत, कारण प्रत्येक विश्व वेगळ्या छपाईतून, वेगळ्या हातातून आलेलं आहे. त्यातलं मुंबॅटन शहर, पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनचं, रंगवताना निर्मात्यांनी जुन्या इंद्रजालच्या पानांचा आधार घेतला. पवित्र २००४ साली छोट्या चित्रकथा-मालिकेतून जन्मला होता, तेव्हा धोतर नेसलेला आणि एका योग्याकडून शक्ती मिळालेला. भारतात हा सिनेमा दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. म्हणजे वेताळाचा कागद हॉलिवूडला फिरून मराठी बोलत परत आला. एका सिनेमात इतक्या तऱ्हेच्या रेषा नांदू शकतात, तर गेरूवरची पांढरी रेषा का नाही? तंत्राची अडचण आता उरलेली नाही. अडचण आहे ती नायक एकच हवा या हट्टाची.

तलासरी-डहाणूत आज चित्र काढून पोट भरणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून साड्या, कप, हॉटेलांच्या भिंती रंगवून घेतल्या जातात, आणि तारप्याचा नाच तेवढा मागितला जातो. प्रकाशकांनी आणि सिनेमावाल्यांनी त्यांच्याकडे एकदा १९४५ मागून बघावं, आणि मागताना पुस्तकावर नाव त्यांचं घालावं.

पुढच्या भागात अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार. मराठीतले मुखवटेवाले वीर चित्रकथेत का रुळले नाहीत, ते पाहू. कुणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक पडून असतील तर रद्दीत घालू नका.