गच्चीवरील गॅसची शेगडी

गच्ची मोकळी, तेव्हां तेथें गॅसचें भय नाहीं, असा समज पुष्कळ घरांत आढळतो. परंतु सिलिंडरांतील प्रोपेन व ब्यूटेन हे वायु हवेहून अनुक्रमें सुमारें दीडपट व दुप्पट जड असतात. गळलेला वायु वर न जातां कठड्याच्या कोपऱ्यांत किंवा मोरीच्या तोंडाशीं सांचतो. म्हणून सिलिंडर उभा, मोरीपासून व जिन्याच्या दारापासून दूर ठेवावा. प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आल्यास गळती समजावी. काडी ओढून परीक्षा करूं नये. शेगडीचें झांकण उघडूनच ती पेटवावी. झांकणाखालीं कोंडलेला वायु एकाएकीं भडकतो. स्वयंपाक आटोपतांच प्रथम सिलिंडर बंद करावा, म्हणजे नळींतील उरलेला वायु ज्योतींतच जळून जातो.