कडकनाथाचा धंदा का बुडाला?

धारहून कुक्षीच्या पुढे पश्चिमेस गेले की अलीराजपूर व झाबुआ यांचा डोंगराळ मुलूख लागतो. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांच्या अंगणात पिढ्यानपिढ्या वाढलेली कडकनाथ कोंबडी याच मुलखातली. तिची पिसे आणि चोच तर काळी असतातच, पण मांस आणि हाडेही काळसर असतात. म्हणून तिला ‘कालामासी’ असेही म्हणतात. आपल्या केसांना काळा रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य तिच्या कातडीत व आतल्या अवयवांतही साठते. रक्त मात्र लालच असते. तिचे रक्त काळे आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ती कापलेली पाहिली नसावी!

हा पक्षी वाढतो सावकाश. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंची होते; कडकनाथाला दीड किलोपर्यंत पोहोचण्यास कित्येक महिने लागतात. अंडीही वर्षाकाठी शंभराच्या आसपासच. साहजिकच मांस महाग पडते आणि ते नेमाने घेणारे थोडे.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळाले. या सुमारास महाराष्ट्रात कडकनाथाचे वेड पसरले होते. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो या कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांना पिल्ले दिली, आणि अंडी व पक्षी आपणच विकत घेऊ, असा करार केला. अनेकांनी कर्ज काढून खुराडी बांधली. परंतु ती अंडी खाणाऱ्याच्या ताटात पडण्याऐवजी मुख्यत्वे उबवणीस जात, आणि निघालेली पिल्ले पुढच्या शेतकऱ्यास विकली जात.

येथे थोडे गणित करून पाहू. शंभर कोंबड्यांनी वर्षात ८,००० अंडी दिली आणि त्यांतून निम्मीच पिल्ले जगली, तरी ४,००० पिल्ले होतात. प्रत्येकी २०० पिल्ले घेणारे २० नवे शेतकरी हवेत. त्यांतल्या प्रत्येकाकडे पुन्हा शंभर कोंबड्या झाल्या, की पुढच्या फेरीस ४०० शेतकरी लागतील आणि तिच्या पुढच्या फेरीस ८,०००. इतकी माणसे आणायची कोठून? नवे गिऱ्हाईक आटताच जुन्यांना द्यावयाचा पैसाही आटला.

२०१९ साली तसेच घडले. अंडी उचलली जाईनात, पक्षी मात्र रोज खाद्य मागत होते आणि कर्जाचे हप्ते थांबणारे नव्हते. फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. त्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यापुढे आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. त्या मुक्या जिवांचा यात काय दोष, असे आम्हांस वाटले खरे. पण ज्याचे घर कर्जात बुडाले, त्याचा संतापही समजण्याजोगा होता.

झाबुआकडे मात्र कडकनाथ आजही पाळला जातो. या कोंबडीला खुडूक बसण्याची फारशी सवय नाही. म्हणून तेथील कृषी विज्ञान केंद्रात अंडी यंत्रात उबवतात आणि पिल्ले पाळणाऱ्यांना देतात.