खाचरातला युरिया जातो कुठे?

मोखाडा-जव्हारकडे आवणी आटोपली की उभ्या पाण्यात युरिया फोकला जातो. युरिया विरघळला, पाणी मुळाशी आहेच, म्हणजे भाताला खत पोचलं, हा त्यामागचा समज. कष्टाच्या पैशाची सर्वांत मोठी नासाडी याच समजापायी होते.

वस्तुस्थिती अशी : खाचर भरलं की चिखलातले जिवाणू एक-दोन दिवसांत तिथला ऑक्सिजन संपवतात. वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा हवेशीर राहतो. फोकलेल्या युरियाचं अमोनियम बनतं. दिवसा पाण्यातलं शेवाळ वाढताना पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यातलं बरंच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. काहीचं वरच्या थरात नायट्रेट होतं. ते खाली उतरलं की बिनऑक्सिजनच्या चिखलातले जिवाणू त्याचाही वायू करून टाकतात. जोराची सर आली तर उरलंसुरलं बांधावरून ओहोळात. अशा खतातलं साधारण 30 ते 40 टक्केच नत्र पिकाला मिळतं.

खोल चिखलात मात्र अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं आणि भाताची मुळं ते सहज घेतात. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंमी खोल खोचायला सांगितली आहे, ती याचसाठी.

भाताच्या मुळांना हवा लागत नाही, असंही म्हणतात. लागते! अन्नद्रव्यं आत ओढायला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन. पानांकडून खोडातल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते. थोडी बाहेर पाझरते, तिथलं विरघळलेलं लोह गंजतं आणि मुळं तांबूस दिसतात. तो रोग नव्हे. मुळं काळी पडून कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर मात्र पाणी काढून खाचर थोडं सुकू द्यावं. नागलीच्या मुळांना अशी हवेची सोय पुरेशी नाही, म्हणून ती उताराच्या वरकसवरच बरी.

तुंबलेल्या पाण्याने जमिनीचा कस मरतो, हेही अर्धंच खरं. लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद उलट मोकळं होतं. जस्ताची उपलब्धता तेवढी घटते.

ब्रिकेट मिळाली नाही, तर निदान खाचरातलं पाणी काढून, युरिया चिखलात कालवून मगच पुन्हा पाणी अडवा. भर पावसात तो फोकू नका.